सहा पॉइंट आठ

रेहाना,

तुझ्या तिसऱ्याच्या दिवशी मी धाडला, तुमच्या घरी आले होते. आतल्या खोलीत बायका कुराणाचे सिपारे वाचत बसल्या होत्या. मला त्यातलं काही वाचता येत नाही, म्हणून तुझ्या वहिनीनं माझ्यापुढे चिंचोक्यांची परात सरकवली आणि म्हणाली, "ताई, एकेक चिंचोका उचला अन् मनात तिच्यासाठी दुआ करा. तेवढं चालते." मी उचलत राहिले. दुआ काही जमेना. प्रत्येक चिंचोक्याला तुझं नाव घ्यायची आणि पुढे काय बोलावं ते सुचायचं नाही.

थोड्या वेळानं अम्मी माझ्याजवळ येऊन बसल्या. किती लहानशा दिसायला लागल्यात त्या. माझा हात हातात घेऊन हळूच म्हणाल्या, "सुषमा बेटा, एक गोष्ट विचारू? तू तिच्याच टेबलावर व्हती ना त्या परीक्षेत? खरं सांग. माह्या पोरीनं खोटं लिहिलं व्हतं का?"

चोवीस वर्षं झाली, रेहाना. तुला जाऊन तीन दिवस झालेले, घरात माणसं मावत नव्हती आणि त्या माउलीच्या मनात बारावीची फिजिक्सची प्रॅक्टिकल अडकून बसली होती. मी काय केलं माहीत आहे? "अम्मी, आता ते कशाला," असं पुटपुटत उठले, समोरचे रिकामे कप गोळा केले आणि मोरीवर जाऊन विसळायला लागले. तुझी वहिनी नको नको म्हणत होती, तरी सगळे कप विसळले. मग जीप मिळणार नाही असं सांगून निघाले.

म्हणून आता हे लिहायला बसले आहे. तुझ्या फोटोखाली कुणीतरी लिहून पाठवलंय, 'तालुक्यात मोटार भरणारी एकमेव महिला'. तू वाचलं असतंस तर खो खो हसली असतीस. "मोटारीले काय कळते बे, भरणारी बाई हाय का बुवा!" असं म्हणाली असतीस. तू सगळ्यांनाच बे म्हणायचीस, बायकांनासुद्धा. पण मला जळालेल्या मोटारींत नवी तार भरायच्या तुझ्या दुकानाबद्दल, तुझ्या नावाबद्दल काही लिहायचं नाही. ते लिहिणारे भेटतील. मला त्या एका टेबलाबद्दल लिहायचं आहे, कारण तिथे तुझ्याशिवाय फक्त मी होते.

आपल्या चिखलीच्या प्रयोगशाळेतला मीटर ब्रिज तुला आठवत असणारच. लाकडी फळीवर मीटरभर लांबीची तार ताणलेली, एका खाचेत माहीत असलेला रोध, दुसऱ्या खाचेत अज्ञात. हातातल्या जॉकीचं धातूचं टोक तारेवर टेकवत टेकवत जायचं आणि जिथे गॅल्व्हानोमीटरचा काटा मधोमध थांबेल ती जागा मोजायची. पुढे नुसतं त्रैराशिक. अज्ञात रोधाच्या त्या काळ्या डब्या, वर पांढऱ्या रंगात एक्स-एक, एक्स-दोन, एक्स-तीन असं लिहिलेलं. नाव अज्ञात, पण अख्ख्या कॉलेजला त्यांचे आकडे तोंडपाठ! वरच्या वर्गातल्या पोरी खालच्या वर्गाला जर्नलबरोबर तेही देऊन जायच्या. एक्स-एक म्हणजे दोन ओहम, एक्स-दोन म्हणजे तीन, एक्स-तीन म्हणजे पाच.

मग जॉकी टेकवत बसायचं कुणी? उत्तर पाच धरायचं, चार ओहम लावले असं दाखवायचं आणि उलटं गणित करायचं. पंचावन्न पॉइंट सहा येतं. ते तसंच लिहिलं तर सरांना संशय येतो, म्हणून एकदा पंचावन्न पॉइंट तीन लिहायचं, पुढच्या वेळी किंचित वर जायचं. रीडिंग बसवायची म्हणतात ती अशी. या कामात मी वर्गात पहिली होते. माझ्या चुकासुद्धा इतक्या बेताच्या असायच्या की सर माझं जर्नल नमुना म्हणून दाखवायचे. मला त्याचा केवढा अभिमान होता!

तू एकटी मोजायचीस. अब्बांच्या दुकानात तारेत वाढलेली पोर तू. मी जॉकी घासत नेली की हातावर चापट मारायचीस. "घासू नको बे, तार झिजते. उचल अन् टेकव." आणि एकदा काटा मधोमध आला तरी तुझं समाधान व्हायचं नाही. दोन्ही खाचांतले रोध अदलाबदल करून पुन्हा मोजायचीस. मी वैतागायची. सुटायची घंटा व्हायची, माझी उंद्रीची एसटी चुकायची आणि तू आपली वाकून काट्याकडे बघत बसलेली. मी म्हणायची, "आकडा माहीत हाय ना, मंग मोजतं काऊन?" तू म्हणायचीस, "तुले माहीत हाय. मले कुठं माहीत हाय?" हा वाद आपला वर्षभर चालला आणि तो कधीच संपला नाही.

परीक्षेच्या दिवशी दोघींत एक ब्रिज आला आणि डबी आली एक्स-तीन. आधी माझी पाळी. मी पंधरा मिनिटं जॉकी हातात धरून नाटक केलं आणि पाच पॉइंट शून्य दोन असं सुबक उत्तर काढून बाजूला झाले. मग तू बसलीस. पाच ओहम लावून पाहिलंस, काटा मधोमध यायला हवा होता पन्नासवर, तो आला सत्तावन्न पॉइंट सहावर. तुझ्या कपाळावर आठी चढली. सात ओहम लावलेस, तो एकोणपन्नास पॉइंट तीनवर आला. अदलाबदल केलीस, तरी हिशेब तोच. मग मला कोपरानं ढोसलंस. "सुषे, इकडे पाह्य. हे पाच नाई हाय. सहा पॉइंट आठ येऊन राह्यलं."

मी वाकले. पाहिलं. काटा मधोमध होता, जराही हलत नव्हता. पाचाचा आकडा खोटा आहे हे मला तेव्हाच कळलं. मी तुला काय म्हटलं? "गुपचूप पाच लिही. सगळ्यायचं पाचच हाय." तू माझ्याकडे असं पाहिलंस, जसं काही मी तुला मोरीतलं पाणी प्यायला सांगत होते. "मी मोजलं ते लिहीन," म्हणालीस.

बाहेरून आलेले सर काही दुष्ट नव्हते. पोरं खूप, वेळ थोडा आणि हातात कॉलेजनं दिलेली डब्यांची यादी. यादीत एक्स-तीनपुढे पाच. माझ्या पानावर बरोबरची खूण पडली. तुझ्या पानावर पेन थांबलं. "ही रीडिंग कुठून आणलीस?" तू म्हणालीस, "मोजली सर. काटा मधोमध आला होता." सर म्हणाले, "एकाच डबीचे दोन आकडे कसे येतील? कुणी पाहिला काटा?" तू माझ्याकडे पाहिलंस. म्हणून सरांनीही पाहिलं. "तू पाहिलास का गं?"

आणि मी म्हणाले, "नाही सर. मी माझं लिहीत होते."

कारण हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न मलाच आला असता. तुझं सहा पॉइंट आठ खरं, तर माझं पाच आलं कुठून? एवढंच कारण. मोठी भीती, कुणाची धमकी, घरची अडचण, असलं काही नव्हतं. नमुन्याचं जर्नल होतं माझं, ते वाचवलं. सरांनी तुझ्या पानावर लाल पेनानं आडवं 'बनावट' लिहिलं. सगळ्या वर्गात बसवलेल्या रीडिंग, आणि बनावट ठरलं ते मोजलेलं एकच पान.

त्या दिवशी स्टँडवर तू माझ्या हातात बोरं ठेवलीस. नेहमीसारखी. निम्मी तुला, निम्मी मला. मी वाट पाहत होते की आता तू बोलशील, शिव्या देशील, मग मी रडेन आणि भांडण होऊन मोकळं होईल. तू बी थुंकत म्हणालीस, "तुही गाडी आली, पळ." खरं सांगते, मला कधी कधी तुझाच राग येतो. एकदा तरी विचारायचं होतंस! लगेच स्वतःची लाज वाटते, की विचारायचं काम पण मी हिच्यावरच टाकते आहे.

तू पास झालीस, पण प्रॅक्टिकलला मार्क कापले गेले. पॉलिटेक्निकचा फॉर्म आणून ठेवलेला होता, तो तू भरला नाहीस. विचारलं तर म्हणालीस, "मले दुकान आवडते." ते खोटं नव्हतं. मोटार भरताना तुझा चेहरा मी पाहिलाय, तार खाचेत बसवताना ओठ मुडपून गुणगुणायचीस. पण त्या निर्णयात माझ्या 'नाही सर'चा वाटा किती होता, हे तू कधी सांगितलं नाहीस आणि मी कधी विचारलं नाही. एवढंच माहीत आहे की मी पुढे शिकले, आणि फिरून त्याच कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागले.

आणि वर तुझ्याकडेच शिकायला येत राहिले! ती विहिरीवरची मोटार आठवते? तीन टोकं बाहेर आलेली, आत तीन कॉइल एका गाठीत जोडलेल्या, आणि गाठ दिसत नाही. मी म्हटलं, एकेकीचा रोध कसा काढणार, दर वेळी दोन-दोन मिळूनच मोजले जातात. तू मीटर लावलास. एका जोडीत आठ आले, बाकी दोन्ही जोड्यांत सहा. कागद न घेता म्हणालीस, "आठवाल्या दोघी ठीक हाय, चार-चार. या सहाच्या दोन्ही जोड्यायमधी जी एक दोन्हीकडे येऊन राह्यली ना, तीच जळाली. तिचे दोनच उरले." मी घरी येऊन तीन समीकरणं मांडली. तेच उत्तर. दुसऱ्या दिवशी ते वर्गात शिकवलं, पोरं खूश झाली, तपासणीला आलेल्या साहेबांनी पाठ थोपटली. तुझं नाव मी घेतलं नाही. 'एक साधं उदाहरण घेऊ' एवढंच म्हटलं.

प्रयोगशाळा माझ्या ताब्यात आली त्या वर्षी मी पहिल्याच आठवड्यात एक्स-तीन शोधून काढली. दार लावून मोजली. या वेळी खरंच मोजली, उचलून, टेकवून, अदलाबदल करून. सहा पॉइंट आठ. कधीतरी आतली तार जळाली असेल, कुणीतरी दुसरी घातली असेल आणि यादीतला आकडा तसाच राहिला असेल. मी यादी दुरुस्त करायला हवी होती. तो आकडा खोडला की कुणीतरी विचारणार, कधीपासून चूक होती, आणि कुणाकुणाचे मार्क गेले. मी डबी रुमालात गुंडाळून माझ्या कपाटात टाकली आणि यादीत लिहिलं, 'हरवली'. अकरा वर्षं ती तिथेच होती.

गेल्या दिवाळीनंतर ती पर्समध्ये घालून मी तुझ्या दुकानात आले. ठरवून आले होते. काउंटरवर ठेवली आणि तोंडातून भलतंच निघालं, "कॉलेजची एक कॉइल आहे, जरा किती भरते बघ ना." तू मशीन बंद केलंस. डबी हातात घेऊन अंगठ्यानं वरची धूळ पुसलीस. एक्स-तीन अजून स्वच्छ वाचता येत होतं. मीटरच्या दोन्ही वायरी आधी एकमेकींना टेकवल्यास, पॉइंट दोन आलं. "हे वायरीचं. वजा करायचं." मग डबीला लावल्यास. सात.

"सहा पॉइंट आठ," तू म्हणालीस. "लिहून घे."

मी पेन शोधायच्या निमित्तानं पर्समध्ये डोकं घातलं. तू समोरच्या टपरीवरून चहा मागवलास. तो येईपर्यंत, आणि तो पिऊन होईपर्यंत, तू मशीन चालू केलं नाहीस. तू कामाच्या वेळी कधी हात रिकामे ठेवत नव्हतीस, माझ्याशी बोलतानासुद्धा तार गुंडाळायचीस. त्या दिवशी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलीस. मला बोलायला जागा करून दिलीस. आणि मी म्हणाले, "थंडी वाढली नाही का गं यंदा?"

"हाव, वाढली," तू म्हणालीस. मग मशीन चालू केलंस.

तीच शेवटची भेट. तुझी कावीळ वाढल्याचं कळलं तेव्हा परीक्षेचे पेपर तपासायला होते. पुढच्या रविवारी जाऊ असं ठरवलं होतं.

काल मी पुन्हा धाडला आले. या वेळी कप उचलायचे नाहीत, असं जीपमध्ये स्वतःला बजावत आले. अम्मी पलंगावर तांदूळ निवडत होत्या. मी खाली जमिनीवर बसले आणि सांगितलं. सगळं, क्रमानं, पाच पॉइंट शून्य दोनपासून रुमालात बांधलेल्या डबीपर्यंत. "अम्मी, तिनं खोटं लिहिलं नव्हतं. खोटं मी लिहिलं होतं. आणि तिचा काटा मी पाहिला होता."

अम्मींचे हात तांदळात थांबले. मग म्हणाल्या, "तिच्या अब्बानं तिले त्याच दिवशी विचारलं व्हतं. म्हणे, बेटी, काटा आला व्हता तं दुसऱ्या कोणी पाह्यला का? मी उद्या कॉलेजात येतो, त्याले घेऊन सरासमोर उभा राह्यतो. ती म्हणे, नाई अब्बा. कोणीच नाई पाह्यला."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"अब्बा जाईपर्यंत तिले तेच विचारत राह्यले," अम्मी म्हणाल्या. "त्याहीले वाटे, पोरगी कायतरी लपवते. म्हणून मी तुले विचारलं. तू पाह्यला व्हता, मंग ती नाई काऊन म्हणे?"

"माझ्यासाठी," मी म्हणाले. दुसरं काय उत्तर होतं? आयुष्यात तू एक आकडा कधी बसवला नाहीस, आणि एवढं एक खोटं बोललीस ते अब्बांशी, माझं जर्नल वाचावं म्हणून. त्या खोट्याचं ओझं घेऊन ते गेले, आणि तूही गेलीस. मी जमिनीवर डोकं टेकून रडले, रेहाना. अम्मींनी मला जवळ घेतलं नाही. बरं केलं. घेतलं असतं तर मला सोसलं नसतं.

माझं रडणं थांबल्यावर त्यांनी ताट बाजूला ठेवलं, खुंटीवरची किल्ली घेतली आणि म्हणाल्या, "चाल." आम्ही रस्ता ओलांडून दुकानापाशी आलो. शटर उघडायला त्यांना जोर पुरेना, मी हात लावला. आत व्हार्निशचा तोच वास. एक मोटार अर्धी भरलेली तशीच पडली होती, चार खाचांत तार, बाकी रिकाम्या. तुझी पट्टी आणि कात्री जागच्या जागी.

"आमच्यात बाया कब्रस्तानात जात नाई," अम्मी म्हणाल्या. "तुले तिले सांगायचं असन तं इथं सांग. मी ऐकतो."

त्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. मी पर्समधून डबी काढून तुझ्या काउंटरवर ठेवली. नंतर कॉलेजची यादी काढली, 'हरवली' खोडून त्यापुढे सहा पॉइंट आठ लिहिलं, आणि मोजणाऱ्याच्या नावाच्या रकान्यात तुझं नाव. मग मशीनसमोरच्या तुझ्या रिकाम्या स्टुलाकडे पाहून, अम्मींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले,

"हो सर. मी पाहिला."